भातवडीमार्गे खर्डा

ज्वारी उपटायचे दिवस आले, की माझे तळहात हुळहुळायला लागतात. खरं तर मी नगरला एका शाळेत गणित शिकवते. ज्वारीशी माझा संबंध दुकानातून आणलेल्या पाच किलोच्या पिशवीपुरता. तरी माघ सरत येतो, सकाळी पांघरूण नकोसं होतं, दुपारच्या वाऱ्याला वाळलेल्या पाल्याचा कोरडा, घशात बसणारा वास येतो, आणि मी वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता उगाच तळहात चोळत राहते. पोरी आपसात हसतात. हसू देत.

लहानपणी एका वर्षी कसल्याशा साथीने आमची शाळा बंद झाली आणि मला खर्ड्याला आत्याकडे धाडलं. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, दोन वर्षांनी मोठी बहीण. अण्णा तिला आक्का म्हणायचे, आणि तेच ऐकून अख्खं खर्डंही आक्काच म्हणायचं. आमचं घर देवळाली प्रवराचं. म्हणजे पाटाचं पाणी, डोक्याएवढा ऊस, आणि हंगामात कारखान्याच्या मळीचा वास. आत्या दिली ती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडच्या पलीकडे, जिथे विहिरीला होळीनंतर तळ दिसतो. तिथे मी पहिल्यांदा ज्वारी उपटली. ताट बुडाशी दोन्ही हातांनी धरायचं, कमरेतून मागे रेलायचं आणि मुळासकट ओढायचं. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळहातांना फोड. आत्याने त्यावर तेल-हळद चोळली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात नेलं. "आता सवय झाली असंल, चल," म्हणाली. लाड करणं हा प्रकार तिला माहीतच नव्हता.

पण तिला लढाई माहीत होती. मराठे आणि हैदराबादचा निजाम यांची खर्ड्याची लढाई जिथे झाली त्या माळाच्या कडेला तिचं रान. शाळांच्या सहली यायच्या, कुणी पुण्याहून गाडी घेऊन यायचं, आणि सगळे किल्ला बघून झाल्यावर इकडे येऊन नुसते उभे राहायचे. माळावर बघण्यासारखं काय असणार? दगड आणि कुसळं. मग आत्या बांधावर यायची, एक ज्वारीचं ताट उपटून हातात घ्यायची आणि सुरू करायची. "त्या अंगानं घाट उतरून निजाम आला. ह्या अंगाला आपले. एरवी ह्यो त्याचं तोंड बघत न्हवता, त्यो ह्याचं. पर आले! भांडत भांडत का हुईना, समदे आले!" ताटाचं टोक फिरेल तशा पाहुण्यांच्या माना फिरायच्या. फाल्गुनातली लढाई, म्हणजे तेव्हा ज्वारी निघाली असेल की उभी पिकं तुडवली गेली असतील, याची तिला लढाईइतकीच काळजी. ती हे सगळं सांगत असायची आणि मागे तिच्या टोळीतल्या बाया खाली मुंडी घालून उपटतच असायच्या. कुणी सहलीतल्या मास्तरांनी विचारलं, "आजी, शिकलात किती?" तर आत्या म्हणायची, "चौथी. अर्धी." आणि पुन्हा कामाला वाकायची.

अर्धी चौथी का, याचं उत्तर आमच्या घरात ठरलेलं होतं. आक्काला शाळेची गोडीच नव्हती. मी हे अण्णांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यात काही विचारण्यासारखं असेल असं मला कधी वाटलं नाही. गणित शिकवणारी मी! उत्तर दिलेलं असलं तरी रीत दाखवा म्हणून पोरांच्या मागे लागते, आणि घरातलं हे उत्तर मात्र मी चाळीस वर्षं तसंच गिळलं.

आत्या चार वर्षांपूर्वी गेली, ऐन काढणीत. सकाळी रानात जायला म्हणून डोक्याला फडकं बांधलं आणि ओट्यावर टेकली ती टेकलीच. मातीला आम्ही धावतपळत पोहोचलो. मी गाडी चालवत होते, अण्णा शेजारी. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, एरवी रस्त्यातल्या प्रत्येक उसाला नावं ठेवणारा, त्या दिवशी देवळालीपासून खर्ड्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. माती झाली, परत आलो, तरीही बोलले नाहीत. मला धसकाच बसला होता. नवव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"सुमे, गाडी काढ. दहाव्याला आजच जायचं."

"अण्णा, दहावा उद्या आहे. मला शाळा आहे आज."

"शाळा शाळा करू नको. मला वाटंत भातवडीला थांबायचं हाय."

मला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सख्ख्या बहिणीच्या दहाव्याला निघालाय आणि वाटेत लढाईच्या जागा बघत जाणार? लोक काय म्हणतील? सहल निघाली म्हणतील! हे सगळं मी फोनवर बोलून दाखवलं. माझं तोंड तसं आवरत नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लोकांचं मी बघतो. तू गाडीचं बघ." मी रजेचा अर्ज टाकला आणि निघाले.

देवळालीला त्यांना घेतलं तर अंगावर इस्त्रीचं धोतर, डोक्यावर नवी टोपी. माणूस लग्नाला चाललाय की काय! नगर ओलांडलं आणि ऊस संपून दोन्ही बाजूंना ज्वारी लागली. कुठे उपटून आडवी केलेली, कुठे पेंढ्या बांधून उभ्या केलेल्या, कुठे बाया रांगेत बसून कणसं खुडताहेत. काच खाली केली तर तो वास. माझे हात स्टिअरिंगवर हुळहुळायला लागले.

भातवडी जामखेडच्या रस्त्यावरून आत आहे. आत वळल्यावर रस्ता अरुंद, समोरून कडब्याने भरलेला ट्रॅक्टर आला तर आपणच मागे जायचं. लढाई फार जुनी, शिवाजी महाराजांच्या जन्माआधीची. नगरच्या निजामशाहीवर एकीकडून मोगल आणि एकीकडून विजापूरकर चालून आले, आणि नगरकरांनी तलाव फोडून शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल केला. घोडे रुतले, तोफा रुतल्या, आणि मग कमी लोकांनी जास्तींना धुतलं. भोसल्यांच्या घरातला एक तरणा वीर त्यात पडला. हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. हे सगळं अण्णांनी त्या दिवशी सांगितलं, नदीच्या काठावर, टोपी काढून हातात घेऊन.

"तुम्हाला एवढं कसं पाठ?" मी विचारलं.

"मला कुठं पाठ. आक्काला पाठ."

त्यांनी टोपीने समोरचं पाणी दाखवलं. पाणी कसलं, डबकी. एक म्हैस त्यात बसली होती.

"तिला भातवडी बघायची हुती," अण्णा म्हणाले. "लगीन झाल्यावर पहिल्या दिवाळीला आली तवाच म्हनली, आरं, यष्टी त्या फाट्यावरनं जाती, पर थांबत न्हाई, तू घेऊन चल एकदा. म्हनलं, फुडच्या दिवाळीला. बासष्ट दिवाळ्या झाल्या, सुमे. घरात जीप आली, गाडी आली. तुज्या आईला काशी दाखवली. हितं यायला लागतंय काय? फाट्यावर वळायचं."

मला वाटलं, एवढंच शल्य असेल. मी म्हणाले, "जाऊ द्या अण्णा, आता तिच्या वाटणीचं तुम्ही बघितलंत." सांत्वनाचं बोलायचं असतं तसं बोलले. तर ते एकदम भडकले.

"काय बघितलं? तिच्या वाटनीचं मी लई बघितलंय! तिच्या वाटनीची शाळा मीच बघितली!"

आणि मग त्या काठावर, म्हशीसमोर, माझ्या वडिलांनी मला ते सांगितलं. आक्काला शाळेची गोडी नव्हती हे साफ खोटं होतं. चौथीत ती वर्गात पहिली होती. त्यांची आई अंथरुणाला खिळली, घरात म्हशी, धुणं, भाकरी. दोघांतलं एक घरी बसणार हे उघड होतं, आणि कोण बसणार हेही उघड होतं. आक्का बसली. पण तिने भावाला एक अट घातली. रोज संध्याकाळी मी धार काढीन तेव्हा गोठ्यात बसून तू त्या दिवसाचा धडा मोठ्याने वाचायचा. अण्णा वाचायचे. बादलीत दुधाची धार वाजायची आणि लढाया चालायच्या. आठ दिवसांनी आक्काच त्यांना प्रश्न घालायची. "मॅट्रिकला दोनदा आपटलो मी. सगळ्यांत आपटलो. इतिहासात तेवढा पास," अण्णा म्हणाले. "इतिहास तिचा हुता."

"मग गोडी नव्हती असं का सांगत होतात सगळ्यांना?"

"लाज वाटायची," ते म्हणाले. "हुशार भैन घरी बसवून ढ भाऊ शिकवला, हे कुन्या तोंडानं सांगायचं?"

मला राग आला होता, खोटं का सांगू. त्यांचा आला, आमच्या आजोबांचा आला, आणि मी इतक्या उशिरा विचारलं म्हणून माझाही आला. पण त्याच वेळी त्या इस्त्रीच्या धोतरातल्या माणसाचा अभिमानही वाटला. या वयात स्वतःहून कोण असं बोलतं? माणसं अशी गोष्ट सोबत घेऊन जातात आणि वर श्रद्धांजलीत त्यांना सत्यवचनी म्हणतात. अण्णांनी टोपी घातली.

"उद्या दहाव्याला बोलनार हाय मी," म्हणाले. "माईकवर."

आमच्या नगर जिल्ह्यात दहावा म्हणजे निम्मा विधी आणि निम्मी सभा. प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं. सूत्रसंचालकाकडे चिठ्ठ्या असतात, आणि आजी-माजी पदांच्या क्रमाने एकेक जण उठतो. गेलेल्या माणसाबद्दल दोन वाक्यं, आणि गेलेल्याच्या मुलाबद्दल, त्याच्या पॅनलबद्दल, रस्त्याच्या मंजुरीबद्दल दहा. बाई गेली असेल तर ती दोन वाक्यंही ठरलेली. कष्टाळू होत्या, मायाळू होत्या, लेकरांना वळण लावलं. त्यात माहेरचा माणूस बोलत नाही. माहेरच्यांनी कपडे आणायचे, कोपऱ्यात बसायचं, डोळे पुसायचे. आणि अण्णा तर जन्मात कधी माईकला शिवलेले नव्हते. सोसायटीच्या सभेत यांना हात वर करायला सांगितला तरी अर्धा वर करायचे.

खर्ड्यात शिरताना चौकात आत्याचा फ्लेक्स लागला होता. वर सहा पुढारी, गॉगलसह. खाली शोकाकुल म्हणून चाळीस नावं, सगळी पुरुषांची. आणि मधे कुठेतरी आधार कार्डावरचा तो घाबरल्यासारखा फोटो, आत्याचा. जिवंतपणी ती कुणाला घाबरल्याचं मी बघितलेलं नाही. आम्ही घरी न जाता आधी तिच्या रानात गेलो. निम्मी ज्वारी उपटलेली, निम्मी उभी. तिच्यासाठी काम थांबलं होतं. अण्णा बांधावर उभे राहिले, हात उचलला, आणि घाट कुठल्या अंगाला हेच त्यांना आठवेना.

"त्या अंगानं... न्हाई, ह्या..."

"अण्णा, लढाई नका सांगू. तुमचं तेवढं सांगा आणि खाली बसा."

"तिची लढाई सांगितल्याबिगर ती हुशार हुती हे कसं कळनार लोकांना?" त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, आणि त्यालाच मी घाबरत होते. उद्या पाचशे माणसांपुढे हा माणूस अडखळला, लोक हसले, तर आत्याचं राहिलेलं नावही जाणार होतं.

नाना म्हणजे आत्याचा मुलगा, माजी सरपंच. वाईट नाही, पण आईच्या दहाव्याला किती पुढारी येतात याची त्याला फार काळजी. त्याने ऐकल्याबरोबर डोक्याला हात लावला.

"मामा, माहेरच्यानं बोलायची पद्धत न्हाई आपल्याकडं. नावं ठेवतील."

"कुनाला?"

"मला!"

"मग ठेवू दे की," अण्णा म्हणाले. "तुला सवय हाय."

मला हसू फुटलं. त्या घरात नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणी हसलं असेल. नाना माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "नाना, दोन मिनिटं दे. आत्याने तुला सरपंच करताना वाडीवस्तीवर किती पायपीट केली होती, ते मी उठून सांगू का?" त्याने निमूट चिठ्ठी लिहिली, पण सगळ्यांच्या शेवटी.

सकाळी ओढ्याकाठी, महादेवाच्या देवळापाशी मांडव भरला. पुढे पुरुष, मागे सतरंज्यांवर बाया. विधी झाला, प्रवचन झालं, भाषणं झाली. कष्टाळू झालं, मायाळू झालं. एकाने आत्याचं नावच चुकवलं आणि कुणी दुरुस्त केलं नाही. उन्हं चढली. मोठे पुढारी गाड्यांकडे निघाले, लोक टोप्या झटकायला लागले, आणि तेवढ्यात सूत्रसंचालकाने घाईघाईत अण्णांचं नाव घेतलं.

अण्णा उभे राहिले. माईक त्यांनी विळा धरावा तसा मुठीत धरला. आवाज इतका मोठा आला, की स्वतःच दचकले.

"मी आक्काचा भाऊ. मी आयुष्यभर सांगितलं, आक्काला शाळेची गोडी न्हवती. खोटं सांगितलं. ती वर्गात पयली हुती. तिला घरी बसवली आन् मला धाडला. मी नापास झालो. तिची शाळा मी वाया घालवली." थांबले. माईक दुसऱ्या हातात घेतला. निघालेले लोक होते तिथेच थांबले. नाना खाली बघत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते. "ती किती हुशार हुती सांगतो. खर्ड्याची लढाई तिच्यासारखी कुनी सांगत न्हवतं. निजाम आला घाट उतरून. आपले समदे एक झाले. लढाई झाली, निजाम मागं हटला, किल्ल्यात शिरला. मग मराठ्यांनी तोफा लावल्या, आन् तोफांनी किल्ला..."

"तोफांनी न्हाई, अण्णा."

मागून, बायांतून आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. पारूबाई, आत्याच्या टोळीतली, सत्तरीची, हाडाची काडं झालेली. बसल्या जागेवरून बोलली होती, आणि आपण बोललो हे कळून तिने पदर तोंडाला लावला होता.

"तोफा आदी झाल्या, माळावर," तिच्या शेजारची म्हणाली.

"किल्ल्यात पानी न्हवतं," तिसरी म्हणाली. "आपल्यांनी पानी तोडलं. पान्याबिगर किती दीस काढतोय निजाम?"

"आन् रातचा शिरला किल्ल्यात. दिवसा न्हाई," आणखी मागून कुणीतरी.

मग काय, सगळीकडून यायला लागलं. त्या बायांनी तीस-तीस वर्षं खाली मुंडी घालून ज्वारी उपटली होती, आणि माझी आत्या पाहुण्यांना लढाई सांगते आहे असं मी समजत होते. सहल वर्षातून दोनदा यायची. बाया रोज होत्या. कुणी कधी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, आणि निजामाची छावणी कुठे, मराठ्यांची फळी कुठे, हे तिथे बसलेल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं. पुढारी बघत राहिले. नानाचं तोंड उघडं पडलं. मला छाती फुटेल असा अभिमान वाटला. आत्याचा, त्या बायांचा आणि माईक धरून चुकत उभ्या असलेल्या माझ्या बापाचा.

पारूबाईने तोंडावरचा पदर काढला. गुडघ्यावर हात टेकून उठली, बायांतून वाट काढत पुढे आली आणि अण्णांपुढे हात केला.

"बसा तुमी, अण्णा," ती म्हणाली. "तुमाला न्हाई येत. आमाला आक्कांनी शिकवलंय."

अण्णांनी माईक तिच्या हातात दिला. तिथेच, तिच्या पायाशी, इस्त्रीच्या धोतराची पर्वा न करता मातीत मांडी घालून बसले, आणि ऐकायला लागले.